प्रतिनायकाचा दावा

शत्रूला मराठीत जी नावे आहेत त्यांपैकी 'दावेदार' या नावाचा जुना अर्थ आता मागे पडला आहे. आजच्या वृत्तपत्रांत दावेदार म्हणजे एखाद्या पदावर अथवा पारितोषिकावर हक्क सांगणारा मनुष्य. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे वैरी. 'दावा साधला' म्हणजे वैर उगवून घेतले, हा प्रयोग मात्र अजूनही कानी पडतो. शब्द मुळात अरबी, आणि त्याचा अर्थ मागणी, हक्काची फिर्याद. फिर्यादीचा शब्द वैरालाही लागू व्हावा यात भाषेने एक मार्मिक निरीक्षण साठवून ठेवले आहे, असे मला वाटते. ज्याचे आपल्याकडे काही मागणे आहे तो वैरी. ज्याचे काहीच मागणे नाही ते केवळ संकट.

हे निरीक्षण ज्या क्षेत्राला मी लावून पाहणार आहे ते या पृष्ठांच्या वाचकांना काहीसे अनपेक्षित वाटेल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला आणि त्यातून खेळांचा एक नवा कुलविस्तार सुरू झाला. चारसहा मंडळी मेजाभोवती बसतात. एकजण सोडून प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो, त्याच्या तोंडून बोलतो, त्याच्या वतीने निर्णय करतो. जेथे यश अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. उरलेला एकजण बाकीचे सगळे जग होतो: रस्ता, पाऊस, सरायवाला, राजा आणि शत्रू. इंग्रजीत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणेन, कारण आपल्या रंगभूमीवर हे काम करणाऱ्याला तेच नाव होते. लिखित संहिता नसते. कथा बोलता बोलता घडते आणि बोलणाऱ्यांबरोबरच संपते. पुण्यामुंबईकडचे अनेक तरुण आज हा खेळ खेळतात, आणि त्यांच्यापैकी काहीजण पुढे कथा-कादंबऱ्याही लिहितील. तेव्हा हे वाङ्मय आहे की नाही हा वाद क्षणभर बाजूला ठेवून त्यातील एका वाङ्मयीन प्रश्नाकडे पाहावयास हरकत नसावी. तो प्रश्न असा की, या खेळात मनाची पकड घेणारा शत्रू निर्माण कसा व्हावा?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. बुद्धिबळात समोर बसलेला मनुष्यच प्रतिपक्ष असतो. त्याला जिंकावयाचे असते आणि त्या जिंकण्याच्या इच्छेतूनच शत्रुत्वाला धार येते. १८२४ मध्ये प्रशियात रायस्वित्झ याने सैनिकी अधिकाऱ्यांसाठी जो युद्धखेळ नियमबद्ध केला त्यात दोन पक्ष होते आणि मधे एक पंच होता. या नव्या खेळात पंचाने प्रतिपक्षच गिळला. न्याय देणारा तोच आणि शत्रूच्या बाजूने लढणाराही तोच. शिवाय त्याला जिंकावयाचे नाही. मनात आणील तर तो एका वाक्यात आकाश कोसळवू शकतो, म्हणून त्याच्या जिंकण्याला अर्थ नाही. आणि मुद्दाम हरला तर खेळाला अर्थ नाही. शत्रू येथे मित्राच्या तोंडून बोलतो. त्या बोलण्यात वैर कोठून आणावयाचे?

आपल्याला हा प्रश्न नवा वाटू नये. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हा पदे तेवढी बांधलेली होती. ती सूत्रधार म्हणे आणि नटांनी प्रसंगानुरूप गद्य भाषण स्वतःच करावयाचे असे. त्या नाटकांतील राक्षस तलवारी परजीत, आरोळ्या ठोकीत प्रवेश करीत, आणि त्या आरोळीवरूनच 'अललडुर्र' हे थट्टेचे नाव या सबंध नाट्यप्रकाराला चिकटले. हे नाव म्हणजे प्रतिनायकाच्या अपयशावर प्रेक्षकांनी लिहिलेली समीक्षाच होय. राक्षसपार्टी दणदणीत होती, भीतीही वाटत असेल, पण आरोळीला उत्तर देता येत नाही. जिला उत्तर देता येत नाही ती गोष्ट नाट्य पुढे नेऊ शकत नाही.

कोकणातील दशावताराने हाच प्रश्न अधिक कौशल्याने सोडविला. तेथेही लिखित संहिता नाही. आख्यान कोणते, कोणी काय व्हावयाचे, एवढे ठरले की संवाद रंगभूमीवरच सुचतात. पूर्वरंगात वेद चोरणारा संकासुर येतो, काळ्या वेषातला, आणि तो चक्क मालवणीत बोलतो, चेष्टा करतो, समोरच्याची फिरकी घेतो. पुढे आख्यानात राजपार्टी आणि असुर समोरासमोर ठाकतात तेव्हा तलवारींआधी बराच वेळ शब्दांची झुंज चालते. हा वाद केवळ पाठ केलेला उपचार नव्हे. समोरचा नट काय बोलेल हे नटाला ठाऊक नसते, म्हणून त्याला ऐकावे लागते. असुराने धर्मावर एखादा अवघड प्रश्न टाकला आणि राजाला उत्तर सुचले नाही, तर सारी जत्रा ते पाहते. असुराचा पराभव अटळ आहे हे मुलांनाही ठाऊक असते. राजाचे उत्तर मात्र अटळ नसते. दशावतारातील सगळा ताण त्या उत्तरात आहे.

हा विचार कुंभकोणममधील मेलकावेरीत बसून करण्याला एक कारण आहे. तंजावूरच्या ज्या भोसले घराण्याचे राज्य १८५५ पर्यंत या प्रदेशावर होते, त्यातील शहाजीराजांनी (राज्यकाल १६८४ ते १७१२) मराठीत नाटके लिहिली, तेलुगूत लिहिली, आणि एका नाटकात पाच भाषा एकत्र नांदविल्या. याच खोऱ्यातील मेलट्टूर गावी भागवतमेळा चालतो. त्याची नाटके त्यागराजांचे समकालीन मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांनी रचली. राजे मराठी, नाटकाची भाषा तेलुगू, प्रेक्षक तमिळ. भाषांतरकाराला हेवा वाटावा अशीच ही स्थिती. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते नृसिंहजयंतीला होणारे 'प्रह्लादचरित्र'.

या नाटकातील हिरण्यकशिपू हा माझ्या मते दक्षिणेच्या रंगभूमीवरील सर्वांत समर्थ प्रतिनायकांपैकी एक आहे, आणि त्याचे सामर्थ्य त्याच्या बळात नाही. त्याने इंद्राला पदच्युत केले, लोकपालांना राबविले, हे सगळे आपण ऐकतो आणि सोडून देतो. सोडता येत नाही ते एवढेच, की तो बाप आहे. त्याला मुलाकडून जे हवे आहे ते कोणत्याही बापाला हवे असते: मुलाने आपले ऐकावे, आपल्या घराण्याचा वैरी तो आपला वैरी मानावा. विष्णूने हिरण्याक्षाला, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावाला मारले आहे. त्याच विष्णूचे नाव पोटचा पोर घरात घेतो. हिरण्यकशिपूचा दावा खोटा नाही, तो अतिरेकी आहे. भागवतातील कयाधू येथे लीलावती या नावाने येते आणि तिचा शोक नाटकात पुष्कळ जागा व्यापतो. नवऱ्याची मागणी तिला समजते आणि मुलाचा नकारही समजतो. प्रेक्षकांत बसलेले बाप या नाटकाकडे प्रह्लादाच्या डोळ्यांनीच पाहत असतील असे मला वाटत नाही.

शत्रूशत्रूंमधील हाणामारीने करुणा उपजत नाही, ती आप्तांमधील घाताने उपजते, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. त्याचा हा विचार सामान्यतः शोकात्मिकेच्या नायकासाठी वापरला जातो. तो प्रतिनायकालाही तितकाच लागू पडतो. दूरचा शत्रू कितीही क्रूर असो, त्याच्या क्रौर्याला आपल्याकडे येण्याचा रस्ता लागतो, आणि नाते हा सर्वांत जवळचा रस्ता.

हिरण्यकशिपूच्या वरदानाकडेही याच दृष्टीने पाहावे. घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही. शाळेत असल्यापासून आपण हे अलौकिकाचे वर्णन म्हणून ऐकत आलो. वस्तुतः ही नियमावली आहे. शत्रूचे सामर्थ्य कलमांत मांडून ते सर्वांना आधी वाचून दाखविले आहे, आणि नृसिंह एकाही कलमाचा भंग न करता उंबरठ्यावर, संधिकाळी, मांडीवर, नखांनी त्यातून वाट काढतो. फाशांचा खेळ खेळणाऱ्यांनी या वरदानाचा अभ्यास करावा अशी माझी शिफारस आहे. त्यांच्या छापील पुस्तकांत शत्रूचे सामर्थ्य बहुधा आकड्यांत सांगितलेले असते: इतके घाव सोसतो, इतकी इजा करतो. आकडा फक्त कमी होत जातो. वरदानाला मात्र फट असते. ती फट आधीपासून डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि दिसली की शत्रूचा पराभव हा नशिबाचा न राहता बुद्धीचा होतो. अट इतकीच की कलमे अगोदर जाहीर झालेली असावीत. ऐन वेळी नवे कलम काढणारा सूत्रधार शत्रूला बलवान करीत नाही, स्वतःची पत घालवितो.

संस्कृत साहित्यशास्त्रात प्रतिनायकाविषयी फारसे लिहिलेले नाही. 'दशरूपका'त धनंजयाने त्याचे लक्षण दिले आहे: लोभी, उद्धत, हट्टी, पापी, व्यसनी. ही दुर्गुणांची यादी झाली. तीवरून रावण ओळखता येईल, निर्माण करता येणार नाही. यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे तो भामह आणि दंडी यांच्यातील लहानसा मतभेद. भामहाचे म्हणणे असे की, ज्याला काव्यात अखेर विजयी व्हावयाचे नाही त्याच्या कुळाचे, पराक्रमाचे, विद्येचे आरंभी गुणगान करणे व्यर्थ. दंडीने, ज्याचे नाव कांचीच्या पल्लव दरबाराशी जोडले जाते, याला उत्तर दिले: शत्रूचे कुळ, वीर्य, विद्या यांचे वर्णन करून मग त्याच्यावरील जयाने नायकाचा उत्कर्ष दाखविणे हेही आम्हाला आनंद देते. दंडीचा पक्ष आज सर्वमान्य झाल्यासारखा आहे. 'शत्रू मोठा करा म्हणजे नायक मोठा होईल' हा उपदेश या खेळाच्या प्रत्येक नवशिक्या सूत्रधाराला कोणी ना कोणी करतोच.

मला मात्र या खेळाच्या संदर्भात भामहाची शंका पुन्हा खरी वाटू लागते. दंडीच्या कवीला शेवट ठाऊक आहे. सूत्रधाराला तो ठाऊक नाही. त्याने महिनाभर खपून शत्रूचे कुळ रचले, त्याच्या बालपणीचे दुःख रचले, त्याची ग्रंथसंपदा रचली. आणि पहिल्याच भेटीत कोणा खेळाडूच्या फाशावर वीस पडून तो शत्रू मेला. गुणगान व्यर्थ गेले. येथे सूत्रधाराला जो मोह होतो तो या कलेतील सर्वांत मोठा दोष होय: तो शत्रूला वाचवितो. गुप्त दार निघते, जुळा भाऊ निघतो, मेलेला केवळ मायावी होता असे निघते. खेळाडूंना कळते की समोरचा शत्रू आता आपला राहिलेला नाही, तो सूत्रधाराचा लाडका झाला आहे. कादंबरीकाराच्या हातूनही हा दोष घडतो, पण कादंबरीतील पात्रांना त्याविरुद्ध तक्रार करण्याची सोय नसते.

यातून सुटण्याचा एक मार्ग १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने दाखविला. त्यांनी 'रेव्हनलॉफ्ट' नावाचे साहस लिहिले. तोपर्यंतच्या भुयारांत राक्षस आपापल्या खोलीत खेळाडूंची वाट पाहत बसत. कोणी दार उघडीपर्यंत ते काय करीत असावेत हा प्रश्न कोणी विचारीत नसे. हिकमन यांच्या रक्तपिपासू सरदाराला, स्ट्राडला, खोली नाही. तो सबंध किल्ल्यात वावरतो, येतो, बोलतो, निघून जातो, कारण त्याला काही हवे आहे. धाकट्या भावाच्या वधूवर त्याचे मन बसले, त्यापायी त्याने भावाला मारले, आणि ती वधू त्याच्या हाती न लागता मरण पावली. तीच पुन्हा जन्मली आहे असे मानून ज्या तरुणीच्या मागे तो लागला आहे तिचे रक्षण आता खेळाडूंकडे आले आहे. शिवाय या खेपेस त्याचा नेमका हेतू कोणता, हे भविष्य सांगणाऱ्या बाईच्या पत्त्यांवरून ठरते, त्यामुळे पुस्तक वाचून आलेल्यालाही ते आधी ठाऊक नसते. म्हणजे शत्रूचे मागणे लेखकाने अंशतः मोकळे ठेवले. शोध मोठा खराच, आणि या खेळाच्या इतिहासात त्याचा जो बोलबाला झाला तो योग्यच होता.

तरीही स्ट्राड मला हिरण्यकशिपूच्या पंक्तीला बसविता येत नाही. त्याचा दावा त्या तरुणीवर आहे. खेळाडूंवर नाही. ते मध्ये आले म्हणून त्याचे शत्रू झाले; ते रखवालदार आहेत, दुसरे रखवालदार आले असते तरी चालले असते. छापील पुस्तकाला येथे मर्यादा पडते, कारण लेखकाला मेजाभोवती कोण बसणार हे माहीत नसते. ते फक्त त्या मेजावरच्या सूत्रधारालाच माहीत असते. एका खेळाडूने आपल्या पात्राविषयी सहज सांगितले असेल की तो सावकाराचे कर्ज बुडवून गाव सोडून आला. दुसरीने सांगितले असेल की तिच्या गुरूने तिला विद्येचा एक भाग शिकविलाच नाही. खरा शत्रू अशा बोलण्यातून उपजतो. तो सावकार न्याय मागत आला, त्याच्या बाजूने कागद असला, आणि कागद खरा असला, तर महिनाभर खपून रचलेली कुठलीही वंशावळ त्याची बरोबरी करू शकणार नाही. तो पहिल्या भेटीत मेला तरी काही बिघडत नाही. दावा त्याच्या मुलाकडे जातो.

शत्रूच्या मागणीचा आणखी एक गुण मराठी नाट्यवाङ्मयाने फार पूर्वी ओळखला होता. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, हे सर्वश्रुत आहे. परंतु केवळ रूपकाने ते नाटक उभे राहिले नसते. कीचक सैरंध्रीची मागणी करतो त्या क्षणी पांडवांच्याच पक्षात फूट पडते. कंकभट संयमाचा आणि वेळ निभावून नेण्याचा मार्ग धरतो, बल्लव कीचकाला ठार करण्याचा. मवाळ-जहालांचा सारा वाद त्या एका मागणीने घराच्या आत येतो. शत्रू अर्धा वेळ रंगमंचावर नसला तरी चालतो. त्याच्या मागणीवर नायकपक्ष आपसांत भांडत असतो आणि भांडता भांडता प्रत्येकजण कोण आहे ते आपल्याला कळत जाते. फाशांच्या खेळातही हेच पाहावे. शत्रू समोर आल्यावर चारही खेळाडूंनी एकाच वेळी तलवारी उपसल्या तर शत्रू साधा. दोघांनी उपसल्या आणि दोघे थांबले, तर सूत्रधाराने आता थोडा वेळ गप्प बसावे.

ज्याचे काही मागणेच नाही अशा शत्रूचा प्रश्न उरतो, आणि तो केवळ रंजनाचा नाही. या खेळाने आरंभापासून पाश्चात्त्य अद्भुतकथांतून 'ऑर्क' वगैरे जाती उचलल्या, जन्मानेच दुष्ट. त्यांना मारताना कोणाला उत्तर द्यावे लागत नाही, हीच त्यांची सोय. २०२० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशक संस्थेने, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, जाहीर केले की यापुढे या जाती सरसकट दुष्ट न दाखविता इतर लोकांप्रमाणेच नैतिकदृष्ट्या गुंतागुंतीच्या दाखविल्या जातील. त्यावर बराच गदारोळ झाला. आपल्याकडे हा वाद कितीतरी जुना आहे. तमिळमध्ये पुलवर कुळंदै यांनी १९४६ मध्ये 'रावणकाव्यम्' लिहून रावणाला नायक केले. १९४८ मध्ये त्यावर बंदी आली, ती १९७१ मध्ये उठली. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीला प्रजेचा राजा म्हणून उभे केले, आणि त्याआधीपासून दिवाळीत बायका ओवाळताना बळीच्याच राज्याची आशा धरीत आल्या आहेत. पुराणाने ज्याला शत्रू म्हणून पाताळात घातले त्याचा दावा लोकांनी निकालात काढलाच नाही, दरवर्षी तो पुन्हा दाखल होतो.

तथापि उलटापालट म्हणजे निर्मिती नव्हे, एवढे येथे म्हटले पाहिजे. 'रावणकाव्यम्' आणि 'गुलामगिरी' यांना इतिहासाकडून न्याय मागावयाचा होता. त्यांचे प्रयोजन वेगळे आणि ते त्यांनी साधले. पण ती युक्ती हलक्या हाताने उचलून जो सूत्रधार शत्रूला केवळ गैरसमजाचा बळी ठरवितो, त्याचा शत्रूही पुन्हा एकरंगीच होतो. दुष्टपणाची यादी जाऊन निर्दोषपणाची यादी आली. खेळाडू मग लढत नाहीत, क्षमा मागतात, आणि मेज सुन्न होते. हिरण्यकशिपूला काहीतरी देणे आहे, आणि तरी तो चुकतो आहे: मुलाला कड्यावरून ढकलण्याइतका, विष देण्याइतका चुकतो आहे. या दोन गोष्टींपैकी कोणतीही एक काढून घ्या, लीलावतीला रडण्याचे कारण उरत नाही.

मेलट्टूरच्या प्रयोगातील एक प्रथा येथे नोंदवावीशी वाटते. नृसिंहाच्या मुखवट्याची पूजा होते, तो धारण करणारा उपवास करतो, आणि खांबातून प्रकट झाल्यावर त्याला इतका आवेश चढतो की इतरांना त्याला धरून आवरावे लागते. नाटकाच्या दृष्टीने पाहता ही माणसे हिरण्यकशिपूचे सोंग घेतलेल्या गृहस्थाचे देवापासून रक्षण करीत असतात. ज्या समाजाने देवाच्या बाजूने पूर्ण श्रद्धेने बसावयाचे आणि तरी शत्रूचे काम करणाऱ्याला इजा होऊ द्यावयाची नाही, हे शतकानुशतके सांभाळले, त्याला शत्रू मित्राच्या तोंडून कसा बोलवावा हे कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. मेजावरचा सूत्रधारही याच विश्वासावर शत्रूचे कठोर शब्द उच्चारतो.

एका बाबतीत मात्र भागवतमेळा किंवा दशावतार त्याच्या उपयोगी पडत नाही. दोन्हींना पहाट आहे. उजाडण्यापूर्वी असुर मरावा लागतो, दहीकाला व्हावा लागतो. प्रतिनायकाचे आयुष्य एका रात्रीचे, आणि त्या रात्रीपुरता दावा ताणून धरला की पुरे. फाशांचा खेळ आठवड्यातून एकदा असा दोन दोन, पाच पाच वर्षे चालतो. तेवढ्या काळात खेळाडू वयाने वाढतात, नोकऱ्या बदलतात, त्यांना मुले होतात. पहिल्या वर्षी ज्या मागणीने ते पेटून उठले ती तिसऱ्या वर्षी त्यांना पोरकट वाटू लागते, आणि कधी कधी शत्रूचेच म्हणणे पटू लागते. इतका काळ टिकणारा वैरी ना आपल्या शास्त्रकारांनी कल्पिला होता, ना नाटककारांनी. त्याला जवळचे उदाहरण कदाचित नाटकात नसून भाऊबंदकीत सापडेल. बांधाच्या एका हाताच्या जमिनीवरून तीन पिढ्या चाललेल्या दाव्यात फिर्यादीची कारणे दर पिढीला बदलतात, कागद तोच राहतो.